बचाव पक्षाची खुर्ची

टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कडेला बाबांनी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून ठेवली होती. बुटांच्या खोक्यातून कापलेली, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलेली. बातम्यांच्या वाहिनीवर खालून जी ओळ सरकत असते ती चुकूनही दृष्टीस पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा बंदोबस्त. कापताना अंदाज चुकला आणि पट्टी गरजेपेक्षा रुंद झाली. त्यामुळे या घरात साक्षीदारांना हनुवट्या नव्हत्या आणि न्यायाधीशबाईंना हात नव्हते.

लेकीला आता त्याचीही सवय झाली होती.

खटला गाजलेला. एक नामांकित नटी, तिचा दिग्दर्शक नवरा, टेकडीवरचा बंगला आणि मागच्या अंगाला पोहण्याचा तलाव. तलावावर विजेवर सरकणारं जाड झाकण होतं. संध्याकाळ झाली की घरातल्या भिंतीवरचं बटण दाबायचं, झाकण सरकत जाऊन तलाव बंद. एका संध्याकाळी नटीनं बटण दाबलं तेव्हा नवरा पाण्यात होता. ती म्हणाली, रोजच्यासारखं दाबलं, बाहेर पाहिलंच नाही. सरकारी वकील म्हणाले, पाहून दाबलं. भांडण एवढ्या एका गोष्टीवर, पण त्यावर वर्षभर कोर्ट चाललं आणि त्यातला शब्दन् शब्द घरोघरी थेट दिसला.

आई-बाबांच्या घरात पहिल्याच आठवड्यात दोन तट पडले. बाबांची उभी हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेली. बघितल्याशिवाय बटण कुणी दाबत नाही, हे आपण पोटापाण्याच्या अनुभवानं सांगतोय, असं त्यांचं म्हणणं. आईचं उत्तर ठरलेलं होतं. ती तोंड दुसरीकडे फिरवायची, अंगठा हवेत दाबायची आणि म्हणायची, की रोजचं काम बघून करायला वेळ कुणाला असतो. गॅस बंद केला की नाही ते तरी आपण बघून करतो का? त्या दिवसापासून बाबा झाले सरकार पक्ष आणि आई बचाव पक्ष. खुर्च्याही ठरल्या. दाराकडची सरकारची, खिडकीकडची बचावाची. साक्ष संपली की बाबा टीव्ही थांबवायचे आणि मग खरं कोर्ट सुरू व्हायचं. "सरकार, चहा गार होतोय," असं आई म्हणायची तेव्हा त्यात किती मान आणि किती टोमणा, हे सांगता आलं नसतं.

याआधी एका गायकानं सख्ख्या भावावर गाण्यांच्या हक्कासाठी केलेला दावा दोघांनी असाच लावून धरला होता. त्याचा निकाल आईनं बँकेच्या रांगेत ऐकला, घरी येऊन चपला काढायच्या आत सांगून टाकला, आणि बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. तेव्हापासून घरात कायदा झाला: एकट्यानं निकाल ऐकायचा नाही. लागेल तेव्हा दोघं बसून ऐकतील.

आई आजारी पडली तेव्हा तलावाचा खटला शेवटच्या टप्प्यावर आला होता. तिला खाली नेण्यासाठी चाकाची खुर्ची आणली, ती लिफ्टमध्ये बसवताना बाबाच धावपळ करत होते, तर आई त्यांची बाही धरून म्हणाली, "माझ्याशिवाय निकाल ऐकायचा नाही हं, सरकार." या घरात ती एवढंच शेवटचं बोलली. दवाखान्यातून ती परत आली नाही.

निकाल मात्र लागला होता. कधीच. गावभर झाला होता, पेपरांनी पानंच्या पानं भरली होती, लोकांचं त्यावर भांडूनही झालं होतं. आई गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबा दारातच अडवायचे आणि हात जोडून सांगायचे, खटल्याबद्दल अवाक्षर काढू नका. माणसं गोंधळायची. डोळे पुसण्याच्या तयारीनं आलेल्या माणसाला असं काही ऐकावं लागेल याची कल्पना नसते. वरच्या मजल्यावरच्या काकू तर बोलता बोलता "सुटकेचा श्वास" असं काहीतरी म्हणाल्या आणि एकदम तोंडावर हात ठेवून बसल्या. नंतर त्या यायच्याच बंद झाल्या.

बाबांनी पेपर बंद केला. फोन लेकीच्या हवाली केला. दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलेल्या सगळ्या सुनावण्या टीव्हीखालच्या डब्यात आपोआप साठून होत्या; त्या ते ओळीनं बघू लागले. खाली उतरणं तर संपलंच. रस्त्यापलीकडे, बरोबर खिडकीसमोर, केशकर्तनालय होतं. त्याच्या मालकाला सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणायची, कारण तो बंद होत नसे. बाबा त्याचे जुने गिऱ्हाईक. पण रेडिओच्या खुर्चीत बसायचं आणि खटल्याचं ऐकायचं नाही, हे पावसात उभं राहून कोरडं राहण्यासारखं होतं. बाबांचे केस वाढत गेले. आधी कानांवर आले, मग सदऱ्याच्या कॉलरवर. नेहमी नीटनेटका दिसणारा माणूस एखाद्या फसलेल्या शास्त्रज्ञासारखा दिसू लागला.

लेक दुसऱ्या शहरात चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात होती. घासून आलेलं भिंग दिव्यासमोर धरायचं आणि त्यात ओरखडा, बुडबुडा, लाट शोधायची, हे तिचं काम. आईच्या आजारपणात ती रजा घेऊन आली आणि आई गेल्यावर थोडे दिवस राहू म्हणून राहिली. "निकालापर्यंत थांब," बाबा म्हणाले, "मग जा. मी एकट्यानं कसा ऐकू? कायदा आहे." तिनं मान डोलावली. उरलेल्या सुनावण्या फार नव्हत्या. आणि कुणीतरी खिडकीकडच्या खुर्चीत बसायला हवं होतं.

पण निकाल जवळ येईना. बाबा एक साक्ष बघायचे, थांबवायचे, वाद घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, काल ती तज्ज्ञबाई झाकणाच्या वेगाबद्दल काय म्हणाली ते नीट कळलं नाही, परत लावू. परत लावायचे. आधी एकेक साक्ष मागे जायची, मग एकेक दिवस. माळ्याची साक्ष तर इतक्यांदा झाली होती की तो कुठे खोकणार, कुठे टोपी चाचपणार, हे लेकीला पाठ होतं. सकाळी चहा, पडदे ओढलेले, पट्टी जागेवर आहे की नाही ते बोटानं चाचपून बघणं, मग माळी. दुपारी वरणभात, मग पुन्हा माळी. पाव-दूध आणायला ती बाहेर पडायची तेव्हा बाबा दाराआड उभे राहून तिला बजावायचे, ऐकलंस तरी चेहऱ्यावर दाखवू नकोस.

ती दाखवत नव्हती. तिला तर आधीपासूनच माहीत होतं; आणि फक्त निकालच माहीत होता असं नाही. तो आईच्या उशाशी बसून ऐकला होता. हेच तर अवघड जागेचं दुखणं झालं होतं.

निकाल लागला त्या दुपारी बाबा आंघोळीला घरी गेले होते. वॉर्डातल्या भिंतीवरचा टीव्ही एरवी ते स्वतः बंद करवून घ्यायचे. नर्सना त्यांचा हा नेम माहीत होता. पण त्या दिवशी नवी नर्स होती. तिनं टीव्ही लावला आणि आवाज वाढवून पलीकडे निघून गेली. लेक उठायच्या आत न्यायाधीशबाई वाचू लागल्या होत्या. आईनं तिचं मनगट धरलं. बंद करू नको, असं ते धरणं होतं. दोघींनी ऐकलं.

तेव्हापासून लेकीच्या तोंडाला कुलूप होतं. किल्ली आईकडे होती, आणि आई नव्हती.

कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा माळी टोपी चाचपत होता. बाई समजूतदार होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की तुझ्या जागेवर तात्पुरती बसवलेली मुलगी कायमची होऊ बघते आहे, हात चांगला आहे तिचा. सोमवारी आलीस तर जागा तुझी, नाहीतर मला तिला शब्द द्यावा लागेल. लेकीनं स्वयंपाकघरात उभं राहून ऐकलं आणि बरं म्हणाली. सोमवार अगदी तोंडावर आला होता.

बाहेर आल्यावर तिनं बाबांना सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, जा की. अगदी सहज म्हणाले. दूध-पावाचं काय, असं तिनं विचारलं. बिस्किटं आहेत, ते म्हणाले. बिस्किटं संपल्यावर? संपेपर्यंत बघू. काकूंना किल्ली देऊन ठेवू का? नको, काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग दार कुणी वाजवलं तर? वाजवून वाजवून जातील. आणि निकाल? निकाल तू परत येशील तेव्हा. मी माळ्यापर्यंतच राहीन.

ते खरंच राहिले असते. पडदे ओढून, बिस्किटं मोजून, कॉलरवरचे केस पाठीवर येईपर्यंत माळ्यापाशी बसून राहिले असते. लेकीला ते स्पष्ट दिसलं, भिंग दिव्यासमोर धरल्यासारखं.

"बस," बाबा म्हणाले, "सरकारचं ऐकून तर घे." आणि त्यांनी मुद्दा मांडला: माळी सांगतो, बटणाच्या शेजारीच खिडकी आहे. बटणाकडे हात गेला की डोळे खिडकीतून जाणारच. ते कसं टाळणार?

खिडकीकडच्या खुर्चीत बसताना तिनं विचारही केला नाही. पाय आपोआप दुमडून वर घेतले, जसे आई घ्यायची. आणि म्हणाली, "त्याच खिडकीत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या बाईला खिडकी दिसत नाही हो. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ किती वेळा बघता? आणि त्याचे आकडे कुठल्या रंगाचे आहेत ते न बघता सांगा."

बाबा हसले. खूप दिवसांनी, पोट हलेपर्यंत. मान वळवून घड्याळाकडे बघू लागले, मग चूक लक्षात येऊन डोळे मिटून घेतले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "अहो बचाव, पडद्यांच्या वेळीसुद्धा तुम्ही अशीच वकिली करून मला गुंडाळलंत. निळे पडदे नकोच होते मला."

पडदे आईनं आणले होते. लेक तेव्हा शाळेत होती.

पडद्यावर माळी तोंड उघडून थांबलेला होता, हनुवटीशिवाय. बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जागा सोडून गेलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं. तिला दुसरंच काहीतरी कळलं, आणि ते तिला जास्त भयंकर वाटलं: ते तसं बोलले तेव्हा आपल्याला बरं वाटलं. इतके दिवस आपण बाबांसाठी या खुर्चीत बसलो आहोत, हे काही सगळं खरं नव्हतं. इथे बसलं की आई बोलायची, आपल्याच तोंडून का होईना. निकाल लागू नये असं या घरात एकट्या बाबांनाच वाटत नव्हतं.

तिनं पाय खाली घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं निकाल ऐकला होता."

बाबा रिमोटकडे बघत राहिले.

तिनं सगळं सांगितलं. नवी नर्स, आवाज, मनगट. बाबांनी मध्येच विचारलं, की टीव्ही कुठला, कोपऱ्यातला का? कोपऱ्यातला. त्याला मुंग्या येत होत्या. हो, पण त्या दिवशी नीट दिसत होतं. पुढचं विचारायचं की नाही, यावर आत काहीतरी घासाघीस चाललेली दिसत होती. शेवटी त्यांनी रिमोट मांडीवर पालथा घातला.

"काय लागला?"

"सुटली. खून सिद्ध झाला नाही म्हणाले."

"म्हणजे बचाव जिंकला."

"जिंकला."

"आणि मी आंघोळ करून आलो, रात्रीपर्यंत तिच्याशेजारी बसलो, पुढचे दिवस बसलो, आणि ती बोलली नाही?" बाबांनी मान हलवली. "बनवू नकोस मला. जिंकून गप्प बसणारी बाई नव्हती ती. साधा पत्त्यांचा डाव जिंकली तरी महिनाभर चहात साखर कमी घालून आठवण करून द्यायची."

"तिनंच मला बजावलं होतं. म्हणाली, घरी गेल्यावर पहिल्यांदा ऐकल्यासारखं करीन, तू तोंड उघडू नकोस."

एकदम बाबांना काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मला विचारलं होतं तिनं," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी. मी संत्रं सोलत होतो. म्हणाली, सरकार, निकाल कधी हो? मी म्हटलं, लागेल आता, तू बरी हो. तर म्हणाली, बघा हं, पळून जाऊ नका हरलात तर." ते थांबले. "नाटकी बाई. काय नाटकी बाई."

एवढ्यावर थांबता आलं असतं. लेकीला वाटलंही, की थांबावं. उरलेलं फक्त तिचं होतं. आईनं ते तिच्या एकटीच्या हातात ठेवलं होतं, आणि ते देऊन टाकलं की आपल्याकडे राहणार काय. पण समोर बसलेल्या माणसाचे केस कॉलरवर आले होते.

"अजून एक म्हणाली. न्यायाधीशांचं वाचून झाल्यावर. आधी म्हणाली, सुटली गं बाई. मग बराच वेळ पडून राहिली, आणि म्हणाली, पण केलं तिनंच. तुझ्या बाबांचंच बरोबर आहे. नवरा घरात कुठे आहे ते बायकोला डोळे मिटूनसुद्धा कळतं."

बाबांनी वर पाहिलं.

"मी म्हटलं, मग वर्षभर भांडलीस कशाला? तर म्हणाली, दोघांनी एकच बाजू घेतली असती तर बोललो काय असतो? मागच्या वर्षीसारखे टीव्ही बघून झोपलो असतो."

निवृत्तीनंतरचं ते वर्ष लेकीनं फोनवरून ऐकलं होतं. आई म्हणायची, घरात दोन माणसं असून आवाज फक्त फ्रिजचा येतो.

बाबा उठले. लेकीला वाटलं स्वयंपाकघरात जातील, किंवा आत जाऊन दार लोटून घेतील. ते टीव्हीसमोर गेले आणि नखानं चिकटपट्टीचं टोक उकरू लागले. सुटेना. तिनं कात्री देऊ केली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. एक बाजू सुटली, मग दुसरी, आणि पुठ्ठा त्यांच्या हातात आला. पडद्यावर चिकट डागाची एक रेघ राहिली. माळ्याची हनुवटी दिसली. अगदी साधी, खळी असलेली हनुवटी होती, पण दोघं जरा वेळ बघत राहिले.

"हा असा होता होय," बाबा म्हणाले. मग पुठ्ठा दुमडत, पाठमोरेच, "सरकार पक्ष वर गेला असेल ना? अपिलात? सोडणार नाहीत ते."

सरकार पक्ष वर गेला होता. पुढच्या तारखाही पडल्या होत्या. पावाच्या दुकानात, बसथांब्यावर, दोन माणसं उभी असतील तिथे हाच विषय होता. लेकीच्या ओठांवर ते आलं. एवढं सांगितलं असतं, तर दोन्ही खुर्च्या उद्यापासून परत भरल्या असत्या. नवं कोर्ट, नवे वकील, आणि ती खिडकीशी पाय वर घेऊन. त्या क्षणी तिला ते हवंसंही वाटलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "रेडिओला विचारा."

बाबांनी मानेवरून हात फिरवला. केस बोटांत धरून किती आहेत ते पाहिलं, जणू आत्ताच उगवले असावेत. मग चपला शोधू लागले. चपला पलंगाखाली अगदी आत सरकल्या होत्या, त्यांच्यावर धूळ होती. तिनं फडकं दिलं, त्यांनी पुसल्या. दाराशी ते थांबले. कडीला हात लावला आणि तसेच उभे राहिले, इतका वेळ की तिला वाटलं आता मागे वळणार. जिन्यावरून कुणीतरी बोलत खाली गेलं. आवाज विरल्यावर त्यांनी कडी काढली.

ती पडदा बाजूला करून उभी राहिली. काच उघडली नाही. खाली बाबा दिसले. केशकर्तनालयाशी आले, आणि सरळ पुढे निघून गेले. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे जरा उभे राहून परत आले. आत रेडिओनं त्यांना पाहिलं असावं. तो हातातलं गिऱ्हाईक सोडून दारात आला, आणि त्या माणसाला पहिल्यांदाच काय बोलावं ते सुचत नाहीये, हे दुसऱ्या मजल्यावरूनही कळत होतं. त्यानं फक्त दार धरून ठेवलं. बाबा आत गेले.

तिच्या मागे टीव्हीवर माळी अजून तसाच होता. फोन टेबलावर होता. मालकीणबाईंना सांगायचं होतं. ती हलली नाही. इतक्या दिवसांत ती या खोलीत पहिल्यांदाच एकटी होती, आणि एकटी असताना बोलायला कुठलीही बाजू नव्हती.

समोर दुकानाच्या काचेआड बाबांच्या गळ्याभोवती पांढरं कापड आलं. रेडिओचं तोंड सुरू झालं, कात्रीही. बाबा ऐकत होते. मग त्यांना काहीतरी पटलं नसावं, कारण कापडाच्या आतून हात बाहेर आला आणि रेडिओ कात्री वर धरून थांबला. आता बटणाचं सुरू होणार, तिला वाटलं. बघितल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही, हयात गेली माझी.

बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. आरशाकडे नाही, रेडिओकडे नाही, भलतीकडेच. आणि न बघता, हवेत, अंगठा दाबला.